सोलापूरच्या माळावर परिसंस्था आणि भूविज्ञान कसे शिकवावे

उत्तर सोलापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षिकेने विचारले आहे की, सहावी ते आठवीच्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन परिसंस्था आणि भूविज्ञानातील मूलभूत संकल्पना शिकवायच्या आहेत. पण गावाला ना डोंगर, ना जंगल, ना बारमाही नदी, गावाबाहेर नुसता माळ आहे, आणि सह्याद्रीपर्यंत सहल नेण्याइतका खर्च पालकांना झेपणारा नाही. अशा ठिकाणी काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे, आणि मुलांना ते समजले की नाही हे कसे तपासावे?

आपल्या प्रश्नातील ‘नुसता माळ’ या दोन शब्दांपासूनच उत्तराला सुरुवात करतो, कारण गेली बावीस वर्षे सोलापूरच्या आसपासच्या माळांवर शाळेच्या मुलांना घेऊन फिरताना मला सर्वांत जास्त वेळ हीच समजूत दूर करण्यासाठी द्यावा लागला आहे. घनदाट जंगलात खडक मातीखाली असतो, माती पालापाचोळ्याखाली असते आणि प्राणी झाडीआड असतात. त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे मुलांना बहुधा सांगावे लागते. माळावर मात्र खडक उघडा आहे, मातीची जाडी बोटाने मोजता येते, गवत कोठे दाट आणि कोठे विरळ आहे हे लांबून कळते, आणि या सर्व गोष्टी तासाभराच्या चालीत एका रेषेवर भेटतात. म्हणून सह्याद्रीला जाता येत नाही याची खंत आपण करू नये. मूलभूत संकल्पना शिकवण्यासाठी आपल्याकडे सोयीची जागा आहे.

माझी पहिली सूचना अशी की दर वेळी नवे ठिकाण शोधू नये. गावाजवळच्या माळाचा माथा आणि जवळचा ओढा यांना जोडणारी एकच वाट निवडावी आणि वर्षातून किमान चार वेळा, म्हणजे जूनमध्ये पहिल्या पावसानंतर, सप्टेंबरअखेर, डिसेंबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये, त्याच वाटेने मुलांना न्यावे. दुसरी सूचना क्रमाविषयी आहे. बहुतेक ठिकाणी अन्नसाखळीपासून सुरुवात होते, कारण लांडगा आणि हरीण मुलांना आवडतात. परंतु माझ्या अनुभवात तो क्रम उलटा पडतो. आधी खडक, मग माती, मग पाणी, मग गवत आणि शेवटी प्राणी असे गेले तर प्रत्येक पुढच्या पायरीचे कारण मुलांच्या हाती आधीच आलेले असते.

माथ्यावर उभे राहून मुलांना पायाखालचा काळा दगड दाखवावा. हा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहत आला, पसरला, थंड झाला, आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. अशा थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. मुलांच्या मनात ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा, तोंडातून आग ओकणारा डोंगर हेच चित्र असते, म्हणून ‘तो डोंगर कोठे आहे?’ हा प्रश्न हमखास येतो. येथे तसा डोंगर नव्हता, भेगा होत्या, हे त्यांना आवर्जून सांगावे. थर पाहायला मुरूम काढून सोडलेली खाण किंवा रस्त्यासाठी कापलेला कडा उत्तम. गावात नव्याने विहीर खणली जात असेल तर खणणाऱ्या माणसांनाच बोलते करावे. माती, मुरूम, मऊ मांजऱ्या खडक, कठीण काळा पाषाण आणि मध्येच लागणारा गेरूसारखा लाल पट्टा हा क्रम ते तोंडपाठ सांगतात. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात वरच्या थराची उघड्या हवेत झालेली झीज आहे, आणि पुढच्या लाव्हाने ती झाकून टाकली. एका लाव्हानंतर दुसरा लगेच आला नाही, मध्ये बराच काळ गेला, ही गोष्ट मुलांना त्या पट्ट्यावर बोट ठेवून जितकी पटते तितकी तक्त्यावरून पटत नाही. दगडातली बारीक छिद्रे म्हणजे लाव्हातील वायूचे बुडबुडे, आणि त्या छिद्रांत नंतर पाण्याबरोबर येऊन साचलेली पांढरी खनिजे, हेही त्याच फेरीत दाखवता येते. विहिरीच्या काठावर मात्र एका वेळी पाचांहून अधिक मुले नेऊ नयेत.

येथे किल्लारीचा विषय निघतोच, कारण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा धक्का सोलापुरातील घराघरांत आजही सांगितला जातो. तो भूकंप लाव्हामुळे झाला नव्हता. भारतीय भूखंडाच्या पाठीवर सतत पडणाऱ्या ताणामुळे जमिनीखालच्या जुन्या भेगेवर खडक सरकला, एवढे सांगून पुढे जावे.

खडकापासून मातीकडे जाताना एखादा असा धोंडा शोधावा, ज्याचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत आहेत. माळाच्या उतारावर असे धोंडे पुष्कळ सापडतात. दिवसाचे तापणे, रात्रीचे निवणे आणि भेगांत मुरणारे पाणी यांनी पापुद्रे सैल होतात, त्यांचा मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते. वाटेवर तीन ठिकाणी, म्हणजे माथ्यावर, मधल्या उतारावर आणि ओढ्याकाठच्या शेतात, लोखंडी गज ठोकून माती किती खोल आहे ते मुलांकडून मोजून घ्यावे. माथ्यावर गज बोटभरात दगडाला लागतो, मध्ये वीतभर जातो, आणि खालच्या काळ्या रानात हातभर जाऊनही थांबत नाही. तिन्ही ठिकाणी खालचा खडक एकच असताना माती इतकी वेगळी का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून दहा मिनिटे गप्प बसावे. पाणी माती खाली वाहून नेते हे उत्तर कोणी ना कोणी देतेच. हलकी, मध्यम, भारी, बरड, मुरमाड, चोपण हे शब्द मुलांच्या घरात रोजच्या बोलण्यातले आहेत. ते मृदाशास्त्रातील वर्गीकरणाच्या फार जवळ जाणारे आहेत, म्हणून वहीत आधी तेच लिहून घ्यावेत आणि पुस्तकातील शब्द नंतर द्यावेत.

काळ्या मातीवर मी सर्वांत जास्त वेळ देतो. या मातीत अशी चिकणमातीची खनिजे असतात की ज्यांच्या सूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगतात आणि पाणी गेले की आक्रसतात. त्यामुळे उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात. एखाद्या भेगेत काठी घालून खोली मोजली तर ती हात-दीड हात निघते. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडत राहते, म्हणजे ही जमीन स्वतःलाच हळूहळू उलथीपालथी करीत असते. तिन्ही ठिकाणची मूठमूठ माती पाणी भरलेल्या काचेच्या बाटल्यांत घालून, हलवून, रात्रभर ठेवावी. सकाळी वाळू तळाशी, गाळ मध्ये आणि चिकणमाती सर्वांत वर असे थर दिसतात, आणि काळ्या मातीच्या बाटलीतील पाणी तर दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. शेतात पांढरे चुनखडीचे खडे सापडतील. ते कुटून त्यावर लिंबाचा रस टाकला की बारीक फसफस होते. आपल्याकडे पाऊस इतका कमी आहे की मातीतला चुना पुरता धुऊन जात नाही, त्याचे हे खडे. याच बेसॉल्टवर महाबळेश्वरच्या माथ्यावर, जेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चुना आणि सिलिका धुऊन जाऊन तांबडा जांभा तयार झाला. खडक तोच, पाऊस वेगळा, म्हणून माती वेगळी. हवामान माती घडवते ही संकल्पना यापेक्षा स्पष्टपणे शिकवण्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता पाणी. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात आहे, आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरात येतो. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि तेथेच रिते होतात. पूर्वेकडे उतरताना ती हवा दाबली जाऊन तापते, आणि तापलेल्या हवेतील ढग विरतात. आपण पर्जन्यछायेत आहोत म्हणजे नेमके हे. उन्हाळ्यातला वळीव वेगळा. तो जमीन तापून हवा सरळ वर चढल्यामुळे स्थानिक पातळीवर तयार होतो. सरळ भिंतींच्या डब्याचे पर्जन्यमापक शाळेच्या छतावर ठेवावे आणि नोंद तारखेबरोबर नक्षत्रानेही करावी, म्हणजे उत्तरा आणि हस्ताच्या पावसाला आजोबा इतके का जपतात हे आकड्यांतून दिसेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या एका सूत्रावर शंभर चौरस मीटर छपरावर साडेपाचशे मिलिमीटर पावसात ५५,००० लिटर पाणी पडते हा हिशेब सहावीचा मुलगा तोंडी करतो, आणि गावाला टँकरने पाणी आणावे लागलेले ज्या घराने पाहिले आहे, त्या घरात तो हिशेब त्याच संध्याकाळी पोहोचतो.

पाणी मुरणे दाखवण्यासाठी दोन्ही बाजूंनी उघडा केलेला एक डबा पुरतो. तो जमिनीत दोन बोटे दाबून त्यात एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते पाहावे. एकदा गवताळ माळावर, एकदा शाळेच्या तुडवलेल्या मैदानावर आणि एकदा भेगाळलेल्या काळ्या रानात. काळ्या रानातला पहिला लिटर भेगांतून झटकन जातो, पण तिसऱ्या-चौथ्या लिटरनंतर माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वर उभे राहते. भारी रानात पहिल्या पावसात पाणी गायब होते आणि नंतर चिखल का होतो, याचे कारण मुले येथे स्वतः शोधतात. याच मातीत मुरलेल्या ओलीवर ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे फारसा पाऊस नसतानाही फेब्रुवारीपर्यंत उभी राहते. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजली गेली ती या भारी मातीच्या साठवणीमुळे. भेगा पडल्या की ती ओल उडून जाते, म्हणून शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतो. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण बाष्पीभवनाच्या पाठाला जोडावी आणि वाफसा म्हणजे काय हे सांगायला एखाद्या पालकालाच शेतात उभे करावे. तो शब्द समजावण्याचा अधिकार त्यांचा आहे.

आपल्या ओढ्याचे पाणी पुढे कोठे जाते हे नकाशावर बोट फिरवून दाखवावे: ओढ्यातून सीनेत, सीनेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र जवळ असूनही पाणी उलट्या दिशेने जाते याचे मुलांना फार आश्चर्य वाटते, आणि पठार पूर्वेकडे कललेले आहे हे तेथेच समजते. वर्षातून एक लांबची फेरी परवडणार असेल तर ती दक्षिण सोलापुरातील हत्तरसंग कुडल येथे न्यावी. सीना आणि भीमा यांचा संगम तेथे डोळ्यांनी दिसतो, आणि शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेखही त्याच परिसरात आहे, त्यामुळे भूगोल आणि भाषा या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना सोबत घेता येते.

गवताकडे येताना मुलांच्या मोज्यांना चिकटलेली कुसळे हेच साधन पुरेसे आहे. कुसळीच्या बीजाला एक लांब, पीळ पडलेले शेपूट असते. ते वाळलेले बीज तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की शेपूट उलगडत गोल फिरू लागते, आणि वाळले की पुन्हा पीळ घेते. टोकावरचे केस मागे वळलेले असल्यामुळे बीज आत जाते पण बाहेर येत नाही. दिवसाच्या कोरडेपणाने आणि रात्रीच्या दवाने ते शेपूट फिरत राहते आणि बीज स्वतःला मातीत रोवून घेते. मी हा प्रयोग शेकडो वेळा केला असेल, तरी प्रत्येक नव्या तुकडीचा श्वास त्या क्षणी अडकतो. अनुकूलन हा शब्द त्यानंतर उच्चारावा, आधी नाही. मग दोरीचा एक मीटर बाजूचा चौकोन टाकून आतले प्रकार मोजावेत. कुसळी, पवन्या, मारवेल ओळखता आले तर उत्तम, नाही तर ‘पहिले गवत, दुसरे गवत’ असे चालते. एक चौकोन गुरे-मेंढ्या नेहमी चरतात तेथे आणि एक कुंपणाआड, जेथे चराई होत नाही तेथे. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असल्यामुळे वरून खुडले तरी ते पुन्हा फुटते, आणि म्हणूनच गवत व चरणारे प्राणी हजारो पिढ्या एकत्र नांदले; पण विसावाच मिळाला नाही तर जनावरे ज्याला तोंड लावत नाहीत ते तरवड आणि तत्सम तेवढे उरते. हा फरक दोन चौकोनांत दिसतो.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः मुलांना घेऊन एका माळावर खड्डे काढले, रोपे लावली आणि मोठे काम केल्याचे समाधान मानले. दोन वर्षांत ज्या पट्ट्यात रोपे जगली तेथे गवत मागे हटले, आणि पूर्वी पावलागणिक उडणारे चंडोल दिसेनासे झाले. माळ म्हणजे जंगल होण्याची वाट पाहणारी पडीक जमीन नाही. कमी पाऊस, उथळ माती आणि चराई यांनी घडवलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. झाडे जरूर लावावीत, पण ती शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, गावठाणात आणि बांधावर लावावीत. वृक्षारोपणाच्या दिवशी माळ निवडण्यापूर्वी मुलांनी त्या चौकोनातील नोंदी गावापुढे वाचून दाखवाव्यात, असा माझा आग्रह आहे.

याची सर्वांत जड किंमत माळढोकाने मोजली. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजचे नाव ज्या अभयारण्यामुळे सर्वत्र झाले, ते १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी घोषित झाले. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो, आणि दूरवर नजर पोहोचेल अशा मोकळ्या जागेतच निर्धास्त राहतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचे त्याला कमी दिसते, आणि जड शरीरामुळे वेगात उडताना ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून वीजवाहिन्यांवर आदळून हे पक्षी मरतात. देशभरात मिळून आता ते दीडशेच्या आसपासच उरले आहेत. नान्नजला मुलांना नेताना वनविभागाची पूर्वपरवानगी घ्यावी, आणि माळढोक दिसेल अशी आशा मुळीच दाखवू नये. काळविटांचे कळप, धाविक पक्षी, खोकड यांपैकी जे दिसेल ते त्या माळाचेच आहे असे समजून पाहावे.

प्राण्यांची साखळी आता आपोआप उभी राहते. गवत, गवतावर नाकतोडे आणि काळवीट, नाकतोड्यांवर चंडोल आणि सरडे, त्यांच्यावर ससाणे आणि खोकड, काळविटावर लांडगा. आणि या सर्वांच्या अवशेषांवर वाळवी, मुंग्या आणि शेणकिडे, जे कोरड्या माळावर कुजण्याचे बहुतेक काम करतात. प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा भागच पुढे जातो, असे धरून हजार किलो गवतापासून हिशेब करायला लावावा. शंभर, दहा, एक असे आकडे खाली उतरताना पाहून लांडगे नेहमी थोडेच का असतात, हे मुले स्वतः सांगतात. लांडग्याविषयी बोलताना माळावर बसलेल्या धनगर कुटुंबाचे म्हणणे ऐकल्याशिवाय पाठ पुरा करू नये, कारण ज्याच्या कळपातील कोकरू जाते त्याला लांडग्याचे स्थान आपल्यापेक्षा जवळून माहीत असते. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर होतो, ही समजूतही त्यांच्याकडून ऐकायला मिळेल. ती खोटी म्हणून उडवून लावू नये आणि खरी म्हणून स्वीकारूही नये. घरट्याची जागा आणि त्या वर्षीचा पाऊस यांची नोंद सलग काही वर्षे ठेवावी. पुरावा म्हणजे काय हे शिकवण्याची संधी यात आहे. अंड्यांजवळ मात्र थांबू नये, उन्हात मादी उठली की काही मिनिटांत ती तापतात.

सूर्याचा एक छोटा प्रयोग सुट्टीतील गृहपाठ म्हणून द्यावा. सोलापूर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या थोडे आधी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अंगणात काठी रोवून ही वेळ मुलांनी घड्याळात टिपावी.

सुरक्षेबाबत थोडक्यात सांगतो. फेरी सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत संपवावी, एप्रिलमध्ये तर नऊलाच. पायांत बूट, डोक्यावर टोपी किंवा रुमाल, प्रत्येकाजवळ लिटरभर पाणी. दगड हाताने उलटू नयेत, कारण त्याखाली विंचू आणि फुरसे असतात. उलटायचाच असेल तर शिक्षकाने लांब काठीने, दगड स्वतःच्या आणि त्याखालच्या प्राण्याच्या मध्ये राहील असा उलटावा आणि पुन्हा होता तसा ठेवावा.

समजले की नाही हे तपासण्यासाठी मी व्याख्या विचारत नाही. मार्चच्या फेरीनंतर प्रत्येक मुलाला कोरा कागद देतो आणि माथ्यापासून ओढ्यापर्यंतची वाट बाजूने कापल्यासारखी काढायला सांगतो: खाली खडक, त्यावर मातीची कमी-जास्त जाडी, पाणी जाण्याच्या खुणा, वर गवत आणि जे प्राणी खरोखर पाहिले तेवढेच. मग एकच प्रश्न विचारतो, की या चित्रातली माथ्यावरची बोटभर माती वाहून गेली तर खाली काय काय बदलेल ते बाणांनी दाखवा. ज्याचा बाण ओढ्यातील गाळ, विहिरीचे पाणी, गवत आणि चंडोल यांपर्यंत पोहोचतो त्याला पूर्ण गुण द्यावेत, मग त्याच्या शब्दांचे शुद्धलेखन कसेही असो. ज्याचा बाण मध्येच थांबतो, त्याला पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसात त्याच जागी पुन्हा न्यावे, आणि वाहणारे गढूळ पाणी कोठून आले व कोठे चालले आहे ते त्याच्याबरोबर चालत जाऊन पाहावे.